फ्यूज धाकूच्या खिशात होता

हवालदार असताना माझी एक पोस्टिंग माझ्याच जिल्ह्यात झाली. तिसाच्या सालानंतरची गोष्ट. आमची सॅपर, म्हणजे फौजेतल्या कारागिरांची, कंपनी तेव्हा पुण्याकडे होती. एका सकाळी परेडनंतर मला हुकूम मिळाला. गुहागर आणि अंजनवेलच्या मधल्या एका गावात किनाऱ्यावर वायरलेसची छोटी तुकडी बसवायची, समुद्रातल्या जहाजाशी सराव करायचा. एक कॅप्टन, दोन सिग्नलर, एक स्वयंपाकी आणि विजेच्या कामाला दोन सॅपर. मुलुख माझा म्हणून मला निवडले. दुसरा माणूस मी मागून घेतला. तो लान्स नाईक धाकू गोरिवले, मंडणगडकडचा.

माझ्याविषयी थोडे सांगतो. माझा बाप काथ्याचे दोर वळायचा. मी मुंबईला गोदीत तारा ओढण्याच्या कामाला लागलो, तिथून पलटणीत भरती झालो आणि इलेक्ट्रिशियनची ट्रेड टेस्ट पास झालो. मला कुणी काही फुकट दिले नाही. जे मिळवले ते घासाघीस करून मिळवले. कंपनीत म्हणायचे, सामान आणायचे असेल तर या हवालदाराला पाठवा, दुकानदार रडत रडत वर दोन खिळे जास्त देईल. माझे डोके गरम आहे हेही म्हणायचे. दोन्ही खरे आहे.

धाकू माझ्या उलट. कुणबी घरातला, हाडकुळा, बोलायला हळू. पण कामाला बसला की उठवावा लागायचा. त्याची आई गावी एकटी होती. सुटी घेऊन तो भातलावणीला जायचा. लग्न ठरत होते.

गावात सरकारने खोतांचा बंगला भाड्याने घेतला होता. पुढच्या खोल्या आम्हाला, मागच्या खोल्यांत खोतांचे कुटुंब. बंगल्याच्या बाजूला एक खोपी बांधून आम्ही तेलाचे इंजिन आणि डायनॅमो बसवला. पण डायनॅमोजवळ वायरलेस सेट ठेवला की कानात नुसती चरचर यायची. शिवाय एरियलला मोकळी जागा हवी होती. बंगल्याच्या आगराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पार टोकाला, समुद्राच्या अंगाला, खोतांचा मांगर होता. जांभ्याच्या भिंती, वर कौले, आत अर्ध्या भागात भाताच्या कणग्या. कॅप्टनसाहेबांनी सेट तिथे ठेवायचे ठरवले. म्हणजे आम्हाला खोपीपासून मांगरापर्यंत, अख्ख्या आगरातून, वीज न्यायची होती. दोनशे वीस व्होल्ट. शहरात घरोघरी असते तेवढीच. लोकांना वाटते घरातली वीज म्हणजे साधी. माणूस मारायला ती पुरते.

साहेब म्हणाले, तार पोफळींना बांधून न्या, दोन दिवसांत काम होईल. मी नाही म्हटले. पोफळ वाऱ्याला डुलते. डुलणाऱ्या झाडावर तार घासते, वरचे आवरण जाते, आणि खाली आगरात बायामाणसे दिवसभर शिंपण करीत असतात. ओल्या मातीत, अनवाणी. केबल जमिनीखालूनच जाईल, असे मी सांगितले. साहेबांनी मान हलवली. पण चर खणायला खोतांची परवानगी लागणार होती.

अण्णा खोत झोपाळ्यावर बसले होते. उतरले नाहीत.

“माझ्या पोफळींच्या मुळांवर पहार घालायला मी सरकारला परवानगी दिलेली नाही.”

“अण्णा, सरकारने विचारलेलं नाही. मी विचारतोय.”

“आणि तू कोण?”

“तुमच्या रहाटाचे दोर माझ्या बापाने वळलेत. एवढा मी.”

अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिले. “काथ्यावाल्याचा मुलगा? तुझा बापूस दोराला वीतभर कमी भरायचा.”

“तुम्ही मोजायला बसायचात म्हणून. इतरांना हातभर कमी भरायचा.”

अण्णा हसले, पण मान नकारार्थीच. तेवढ्यात माजघराच्या दाराआडून अण्णांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला.

“त्यांना विचारा, त्यांच्या दिव्याला धूर येतो का?”

“नाही, काकू.”

“वास?”

“तोही नाही.”

“मग एक दिवा आमच्या बाळंतिणीच्या खोलीत द्या आणि खुशाल खणा.”

“अगो, पण मुळं...” अण्णा म्हणाले.

“मुळं राहू देत. कंदिलाच्या धुराने पोर खोकतंय चार दिवस.”

त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी सौदा तिथेच मिटवला नाही. दिवा देतो, पण आगराचा पडलेला दगडी गडगा आहे त्याचे चिरे मला हवेत, आणि ते वाहायला तुमची बैलगाडी. अण्णा म्हणाले, “हा बापसाच्या वरताण आहे.” गाडी मिळाली.

चर खणायला धाकू आणि गावचे चार गडी. वर माती, हातभर खाली जांभा. दुसऱ्या दिवशी धाकू पहार घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. टोक पार बोथट.

“हवालदार, आपण पहारेने चिरा फोडत नाय. चिरा पहार फोडतोय.”

“गुपचूप खण.”

“खणतंय. सांगून ठेवला.”

प्रत्येक पोफळीशी वळण घेऊन आम्ही मुळे चुकवली. तळाला रेती, रेतीवर शिशाच्या आवरणाची केबल, पुन्हा रेती आणि वर गडग्याचे चिरे आडवे. उद्या कुणी कुदळ मारली तर ती आधी चिऱ्यावर बसावी. धाकूने आपल्या मनाने प्रत्येक चिऱ्यावर छिन्नीने एक बाण कोरला, केबल जिकडे जाते त्या दिशेचा. हे कशाला, मी विचारले. तो म्हणाला, “आपण जाऊ. मागून खणणाऱ्याला कळाया नको?” मातीच्या पातळीलाच चिरे ठेवले, म्हणजे बाण वरून दिसत.

अर्थिंगला त्रास झाला. कोरडा जांभा वीज खाली उतरू देत नाही. शेवटी विहिरीच्या डोणीजवळ, जिथे बारमाही पाणी सांडते, तिथे खड्डा केला आणि कोळसा व मीठ घालून तांब्याची प्लेट पुरली. काकूंनी मिठाचे मडके दिले आणि विचारले, “वीज लोणच्यासारखी मुरवायची असते का?” धाकूला पुढे दोन दिवस हसू आवरत नव्हते.

आता मुद्द्याची गोष्ट. बाळंतिणीची खोली चराच्या वाटेवरच होती. तिचा दिवा मांगराच्या लाईनवरूनच काढणे सोपे होते. पण मला ते नको होते. एका फ्यूजवर दोन ठिकाणे म्हणजे एक ठिकाण बंद केले की दुसऱ्यात काळोख. मी साहेबांकडे गेलो. वेगळा कटआउट, म्हणजे फ्यूजचे घर, आणि वेगळा स्विच मागितला.

“एक ही बत्ती है, हवालदार.”

“साब, लाईन पे काम होगा तो घर में अंधेरा होगा. फिर कोई न कोई हाथ लगाएगा.”

“डेपो से नहीं आएगा. यही लाईन पे लगाओ.”

मी पुन्हा मागितला. पुण्याच्या डेपोतल्या स्टोअरकीपरला मी ओळखत होतो, मी स्वतः जाऊन आणतो म्हणालो. साहेब उठून गेले. आयुष्यात मी हरलेला हा एकच सौदा. बाजारात अडकित्ते विकणाऱ्याशी हरलो असतो तर चालले असते.

दिवा लागला त्या संध्याकाळी साहेब स्वतः खिडकीशी आले. आत बाळंतीण डोक्याला फडके बांधून, मांडीवर पोर, आणि वर स्वच्छ उजेड. साहेब म्हणाले, “व्हेरी गुड, हवालदार.” हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

इंजिनावर आम्ही गावातलाच रघू तांडेल ठेवला होता. आगबोटीवर आयुष्यभर फायरमन होता, म्हातारपणी घरी बसलेला. इंजिनाला तो लेकरासारखा जपायचा. विजेचे त्याला बोटीवरचे जुजबी ज्ञान होते.

पलटणीत आम्हाला एक रिवाज शिकवला होता. लाईनवर काम करायचे तर आधी स्विच उघडायचा, म्हणजे वीज तोडायची. मग चिनी मातीचा पांढरा फ्यूज बोर्डातून उपसायचा आणि आपल्या खिशात घालायचा. दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, फळीवर ठेवायचा नाही. ज्याचा हात तारेला, त्याच्याच खिशात फ्यूज. आणि शक्यतो बोर्डापाशी दुसरा माणूस उभा. धाकूला हा रिवाज मीच शिकवला होता.

फेब्रुवारी सरता सरता एका दुपारी सेट बंद पडला. मांगरात वीज येईना. तपासल्यावर दिसले, मांगराच्या भिंतीतल्या जॉइंट बॉक्समध्ये ओल शिरली होती. शेजारच्या पोफळींना शिंपणाचे पाणी सोडले होते, ते भिंतीतून झिरपले. बॉक्स उघडून, सुकवून, जोड नवा करायचा. तीनेक तासांचे काम. मी आणि धाकू निघालो, तेवढ्यात साहेबांचे बोलावणे आले. सेट बंद, म्हणून ते सिग्नलरना घेऊन अंजनवेलला किल्ल्यावर जाणार होते, दिव्यांनी जहाजाशी बोलायला. दिव्यांच्या बॅटऱ्या जड. गाडीबरोबर इलेक्ट्रिशियन हवा.

“साब, लाईन खुली है. दो आदमी चाहिए. एक बोर्ड पे.”

“गोरिवले कर लेगा. चलो.”

“साब, सुबह...”

“दॅट्स ॲन ऑर्डर, हवालदार.”

मी खोपीत जाऊन धाकूला सांगितले. त्याने माझ्यासमोर स्विच उघडला, फ्यूज उपसला, फुंकर मारून खिशात घातला आणि खिशाचे बटण लावले. रघूला म्हणाला, “तांडेलानू, मांगरात काम हाय. लाईन बंद.” रघू म्हणाला, “बरा.” मी गाडीबरोबर गेलो.

पुढचे मी पाहिले नाही. रघूने आणि काकूंनी चौकशीत जे सांगितले त्यावरून लिहितो. ते दोघे खोटे बोलले असे मला कधीच वाटले नाही.

धाकू मांगरात काम करीत होता. भिंतीशी शिंपणाचा चिखल झाला होता, त्याचे पाय भरले. मांगरात कणग्या होत्या. भाताजवळ जाताना आमच्याकडे कुणी पायात काही घालत नाही, सॅपर झाला म्हणून धाकू बुटांनी जाईल असे होणारच नव्हते. पहिल्या दिवसापासून तो बूट उंबऱ्याबाहेर काढायचा. आणि चिखलाचे पाय घेऊन भाताजवळ जायचे नाही, म्हणून सूर्य बुडता बुडता तो विहिरीवर आला, डोणीतले पाणी घेतले आणि पाय धुतले. मग परत मांगरात गेला. काम थोडेसे राहिले होते.

रघूने त्याला पाय धुताना पाहिले.

आमच्या मुलखात तिन्हीसांजेला माणूस विहिरीवर पाय धुतो म्हणजे त्याचे दिवसाचे काम संपले. पाय धुऊन तो घरात जातो, नमस्कार करतो, बसतो. लहानपणापासून रघूने दुसरे काही पाहिले नव्हते, मीही पाहिले नव्हते. त्याच वेळी काकू मागच्या दारात आल्या.

“रघू, तिन्हीसांज झाली. बाळंतिणीच्या खोलीत काळोख आहे. दिवा कधी देतोस?”

“देतंय, काकी. धाकूचा काम आटापला.”

खोपीत आला तर बोर्डात फ्यूज नाही. रघूला वाटले, जळला असेल, धाकूने नवी तार भरायला नेला असेल. तो नेहमी नेत असे. बोटीवर अशा वेळी काय करायचे ते रघूला ठाऊक होते. त्याने तांब्याच्या तारेचा तुकडा घेतला, फ्यूजच्या रिकाम्या जागेच्या दोन्ही टोकांना गुंडाळला आणि स्विच खाली दाबला. बाळंतिणीच्या खोलीत दिवा लागला. काकूंनी हात जोडले.

बॅटऱ्या जोडून देऊन, अंधार पडत असताना मी किल्ल्यावरून परत आलो. आगराच्या बेड्यातून, फाटकातून, आत शिरताना मला ती खिडकी उजळलेली दिसली. मनात म्हटले, धाकूचे काम संपले. सिग्नलर अजून किल्ल्यावरच होते, म्हणून मांगरात धाकू एकटाच असणार. खोपीत जाऊन मी भिंतीवरच्या फील्ड टेलिफोनचा दांडा फिरवला.

“बंगला टू मांगर. धाकू, आटप. जेवायला ये.”

उत्तर नाही.

“बंगला टू मांगर. ओव्हर.”

घंटी तिकडे वाजत होती, मला इकडे ऐकू येत होती. बंगल्यात बाळंतिणीच्या खोलीत पोर रडायला लागले, काकू त्याला थोपटत होत्या. मी रिसीव्हर ठेवला आणि बोर्डाकडे पाहिले. जिथे पांढरे दिसायला हवे तिथे लाल तांबे चमकत होते.

मी स्विच वर खेचून उघडला. मागून काकूंची हाक आली, “अहो, दिवा गेला!” मी तोवर चिऱ्यांवरून पळत होतो.

धाकू भिंतीशी पडला होता. पाय ओले होते. हातात पकड. टेस्टिंगचा दिवा शेजारी, व्यवस्थित तार गुंडाळून ठेवलेला. म्हणजे त्याने सुरुवातीला लाईन तपासली होती, मेली आहे, तीत वीज नाही, हे पाहिले होते. मी त्याला उताणा केला आणि पलटणीत शिकवतात तसा श्वास द्यायला लागलो. खोतांनी गुहागरला डॉक्टरसाठी माणूस पळवला. साहेब आले, कंदील आले, डॉक्टर आला. डॉक्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी थांबलो.

त्याच्या छातीच्या खिशाचे बटण लावलेले होते. मी ते उघडले. फ्यूज आत होता.

चौकशी त्याच बंगल्यात झाली. पुण्याहून एक मेजर आणि दोन अधिकारी आले. मी फ्यूज टेबलावर ठेवला. म्हटले, या माणसाने सगळे केले जे त्याला शिकवले होते. मेजरने विचारले, एकटा का काम करत होता? मी साहेबांकडे पाहिले. साहेब खिडकीतून बाहेर पाहत होते. त्यांनी सांगितले, हवालदाराने आपण होऊन खासगी घराला दिवा दिला, मला कल्पना नव्हती. वेगळा कटआउट मागितला होता का, यावर म्हणाले, आठवत नाही.

निकाल असा निघाला की लान्स नाईक गोरिवले याने हुकूम मोडून बूट काढले आणि बोर्डापाशी पहारा न ठेवता काम केले. स्वतःच्या निष्काळजीपणाने मृत्यू. रघूला कामावरून काढले.

मी तिथेच बोललो. जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. मेजरने मला बाहेर काढले. बूट! लाईन मेलेली असेल तर बुटांनी जा, अनवाणी जा, फरक काय? आणि पहारा? पहारेकरी मी होतो. मला गाडीबरोबर कुणी पाठवले? पुढे जमादारीसाठी माझे नाव गेले ते परत आले. त्याचे मला फारसे वाटत नाही. निष्काळजी हा शब्द धाकूच्या नावापुढे लागला, तो मला आजही गिळता येत नाही. घासाघीस करून मी जगात खूप गोष्टी मिळवल्या. तो एक शब्द मला पुसून मिळाला नाही. दोनदा अर्ज केला, पुढे पेन्शनीत गेल्यावरही एकदा केला.

फ्यूज मी स्टोअरमध्ये जमा केला नाही. विचारले तेव्हा हरवला म्हणून सांगितले. तो आणि धाकूचे इतर सामान घेऊन मी मंडणगडला गेलो, तिथून डोंगरातल्या त्याच्या वाडीवर. त्याची आई अंगणात नाचणी पाखडत होती. तिला बातमी आधीच कळली होती. मला बसायला घोंगडी टाकली, गुळाचा खडा आणि पाणी दिले. मग विचारले, “कसा झाला, ता सगळा सांगा. काय लपवू नका.”

मी सगळे सांगितले. साहेबांचे, बोर्डाचे, रघूचे, काकूंचे. सांगता सांगता माझा आवाज चढला. मी म्हणालो, “त्या बाईने घाई केली नसती तर...”

ती सूप थांबवून म्हणाली, “बाळंतिणीच्या खोलीत तिन्हीसांजेला काळोख कोण ठेवील, हवालदारानू? मी पण नसता ठेवला.”

तिने सूप पुन्हा हलवायला घेतले. 

“पोर बरा हाय?”

“हो. मुलगा आहे.”

“बरा झाला,” ती म्हणाली.

मी फ्यूज तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला. हा काय, तिने विचारले. मी म्हणालो, हा धाकूकडे होता, म्हणजे त्याची काही चूक नव्हती. तिला यातले किती समजले मला ठाऊक नाही. ऊन उतरले तशी ती उठली, चूळ भरली, पाय धुतले, कोनाड्यातली पणती लावली आणि फ्यूज पणतीशेजारी ठेवला. मी उभा राहिलो. सलाम करायचा नव्हता, पण टाचा आपोआप जुळल्या.

पावसाच्या आधी तुकडी हलली. हुकमाप्रमाणे केबल उपसली. चिरे मात्र अण्णांनी उचलू दिले नाहीत. म्हणाले, “पाऊलवाट झाली आहे आता, राहू देत.” अण्णा गेले, काकूही गेल्या. तो मुलगा मोठा होऊन मुंबईत नोकरीला आहे. गेल्या वर्षी मी आगरात जाऊन आलो. मांगराचे छप्पर बसले आहे. चिऱ्यांवर शेवाळ चढले होते, मी काठीने खरवडले. बाण झिजले आहेत, पण दिसतात.

लढाईत पडलेल्यांची नावे पलटणीच्या दगडावर आहेत. तिथे हे नाव नाही, म्हणून इथे लिहितो. लान्स नाईक धाकू गोरिवले, सॅपर, इलेक्ट्रिशियन. हुकमाच्या कामावर गेला. स्विच त्याने उघडला होता. लाईन त्याने तपासली होती. फ्यूज त्याच्या खिशात होता.